पाठमोरी

गोपाळ मास्तरांना जुन्या मासिकांचं वेड होतं. आतल्या मजकुराशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं, हवी असत ती रंगीत मुखपृष्ठं. शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टी मिळाली की सोलापूरच्या मंगळवार पेठेत बसलिंगप्पा बाइंडरच्या दुकानात ठिय्या द्यायचा. वर्षाचे अंक एकत्र बांधताना बसलिंगप्पा कव्हरं फाडून बाजूला टाकी. मास्तर ती घरी आणत आणि प्रत्येकाचं वर्णन वहीत टिपून ठेवत.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात बसलिंगप्पानं एक कव्हर जरा घुटमळतच पुढं केलं. "दोघांनी नेलं मास्तर, दोघांनीबी परत आनलं."

खिडकीपाशी बसलेली, हिरव्या लुगड्यातली बाई. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'पाठमोरी. कान पदराआड.' मग काच बसवून चित्र माजघरात टांगलं.

मास्तरांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, सातवा महिना होता. आधीची दोन बाळं बारशाआधीच गेली होती, त्यामुळे घरात कुणी उघडपणे आनंदही करत नव्हतं. मास्तर शाळेत, त्या दिवसभर एकट्या. हळूहळू त्या चित्रातल्या बाईशी बोलू लागल्या, दर शुक्रवारी काचेला हळदकुंकू लावू लागल्या.

"अगं, काच खराब होते," मास्तर करवादले.

"सवाष्ण आहे ती. घरात असून वगळू कशी?"

एकदा काच पुसताना मास्तरांना त्या बाईचा कान दिसला. कानात मोत्याची कुडी होती. त्यांनी वही काढून पाहिली, आपलंच चुकलं असेल म्हणून ओळ खोडली.

मुलगी झाली, आणि जगली. बाराव्या दिवशी मास्तरांचा आनंद गगनात मावेना. रुक्मिणीबाईंनी बारशाला शेजारणींना बोलावलं, आणि काचेला कुंकू लावून त्या बाईलाही.

पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटल्या. गिरणीचा तीनचा भोंगा वाजला तेव्हा शेवटच्या शेजारणीला पोचवायला दोघं दारात उभी होती. आत पाळण्याची कडी करकरत होती.

"आत कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"त्या थांबल्यात की. हिरव्या लुगड्यातल्या. मीच म्हटलं, बाळाजवळ बसा जरा."

मास्तर आत धावले.

पाळणा हलत होता. दुपटं अजून उबदार होतं. मुलगी नव्हती.

चित्रात बाई आपल्या जागी होती, पाठमोरीच. कान पुन्हा पदराआड गेला होता.

तिच्या खांद्यावर एक छोटं टोपडं टेकलं होतं. त्याचा लाल गोंडा मास्तरांनी सकाळी स्वतःच्या हातानं बांधला होता.