आंबट वासाची खोली

"सायकली काढायच्या तर तळघरात जावंच लागणार. मग पुढे कोण?" असं विचारून चष्मा स्वतः एक पायरी मागे सरकला.

खारू जिन्याचा कठडा धरून उभी होती. तिला हे नाव आतोबांनी ठेवलं होतं, कारण कुठं खुट्ट झालं की ती खारीसारखी पळ काढायची. सुट्टीत ती आणि तिची धाकटी बहीण मुंगी आत्याकडे राहायला आल्या होत्या. चष्मा हा आत्याचा मुलगा. खारूपेक्षा थोडा मोठा, अंगानं गुटगुटीत, आणि चष्मा काढला की त्याला समोरची भिंतही दिसायची नाही.

"काल तूच म्हणालास ना, तळघरात कुणीतरी बंदूक उडवतंय?" खारूनं विचारलं.

"बंदूक नाही म्हणालो. बंदुकीसारखं काहीतरी म्हणालो."

"वा, मग काळजीच मिटली."

"मी जाते पुढे," मुंगी म्हणाली.

"तू माझा हात सोडायचा नाहीस," खारूनं तिला दटावलं.

तिघं खाली उतरली. तळघरातला बोळ लांब होता आणि छतावरून गरम पाण्याचे जाडजूड पाइप गेले होते. टोकाला कपडे धुण्याची जुनी खोली होती. तिचं दार ओढून घेतलं की आपोआप कुलूपबंद व्हायचं; मग ते आतून कडी ओढून नाहीतर बाहेरून किल्लीनंच उघडायचं. त्या दाराखालून एक तपकिरी ओघळ बाहेर आला होता.

"रक्त," चष्मा पुटपुटला.

"रक्त असं नसतं," खारू म्हणाली. ती हळूच ओणवी झाली आणि दाराच्या फटीतून तिनं आत पाहिलं. फरशीवर काहीतरी चकाकत होतं. काचा होत्या. आंबूस, उग्र वासानं तिचं नाक भरून गेलं.

तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला.

जिन्यापर्यंत कोण कसं पोहोचलं ते कुणालाच कळलं नाही. मुंगीला आपण काखेत मारून आणलंय, हे खारूला वर आल्यावर समजलं.

इमारतीचा रखवालदार दारात पेपर वाचत बसला होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "पाइप आहेत ते. तापले की वाजतात. तुम्ही मुलं ना, उगाच राईचा पर्वत करता."

"पाइप फुटून काचा पडतात का?" चष्म्यानं विचारलं.

"खेळा जा बाहेर."

घरी आल्यावरही तो वास खारूच्या नाकातून जाईना. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या बादलीपाशी थबकली. आत्याच्या घरात उरलंसुरलं अन्न, साली, माशांचे काटे, अंड्यांची टरफलं, सगळं त्या घट्ट झाकणाच्या बादलीत जायचं. वरून आत्या मूठभर बोकाशीचा, म्हणजे कचरा आंबवणारा, कोंडा भुरभुरायची, थाळीनं सगळं दाबून बसवायची आणि हवा जाऊ नये म्हणून झाकण ठोकून लावायची. आत ते लोणच्यासारखं मुरत राहायचं आणि त्याचं पाणी बादलीच्या तळाच्या तोटीतून निघायचं.

खारूनं तोटीला नाक लावलं. तोच वास.

"हे पाणी आत्या कुठं टाकते?"

"आई नाही टाकत. बाबा घेऊन जातात," चष्मा म्हणाला. "सगळ्या इमारतीतलं गोळा करतात हल्ली. काय करतात ते मात्र सांगत नाहीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चष्म्यानं प्लॅस्टिकची एक छोटी बाटली त्या पाण्यानं भरली, बूच गच्च पिळलं आणि ती उन्हात खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली दगडासारखी टणक झाली होती आणि तिचा तळ फुगून बाहेर आला होता. चष्म्यानं बूच जेमतेम फिरवलं असेल. फस्सकन फेस उसळला तो थेट छताला जाऊन लागला. बूच कपाटावर आपटून दोनदा उडालं.

"ही काचेची असती तर?" खारूनं विचारलं. चष्मा नाकावरून फेस पुसत होता.

आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते पोट धरून हसले. त्यांचा पडदे शिवण्याचा धंदा होता. कुठलंही काम टापटीप दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "अगं खारू, ते झाडांचं टॉनिक आहे, बाँब नाही. छान काचेच्या बाटल्या भरून ठेवल्यात. उद्या प्रत्येक घराला एक भेट देणार आहे. एखाददुसरी फुटली असेल, एवढं काय त्यात?"

"पण आतोबा, पाइपांनी ती खोली तापते. बुचं घट्ट आहेत. आत वायू कोंडतोय."

"तू फार घाबरतेस बाळा," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, उरलेल्या बाटल्यांची टोपली उचलली आणि ते खाली गेले.

आत्या दवाखान्यात कामाला गेली होती. खारू आणि चष्मा छतावरचा फेस पुसत बसले. पुसता पुसता खारूच्या लक्षात आलं की घर फार शांत आहे.

"मुंगी कुठाय?"

ती खोलीत नव्हती, गॅलरीत नव्हती, पलंगाखालीही नव्हती. बाहेरचं दार मात्र उघडं होतं. आतोबांच्या मागे मागे जायची तिला सवय होती.

खारू जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. जुन्या खोलीचं दार बंद होतं. तिनं दारावर थाप मारली.

"ताई?" आतून बारीक आवाज आला. "आतोबांनी दार लावलं. मी लपले होते."

दाराशेजारच्या फळ्यांवरच बाटल्या असणार, हे खारूला ओघळावरून कळत होतं. "दाराकडे येऊ नकोस. अजिबात येऊ नकोस. लांब जा."

चष्म्यानं आतोबांना फोन लावला. तो वर, जेवणाच्या टेबलावरच वाजत राहिला. रखवालदाराची खुर्ची रिकामी होती. आत पुन्हा एक बाटली फुटली आणि मुंगी किंचाळली.

"खिडकी," खारू म्हणाली. "मागच्या अंगणात खिडकी आहे."

खिडकी जमिनीलगत होती, अरुंद, अर्धवट उघडी. चष्म्याचे खांदे तिच्यातून जाणं शक्यच नव्हतं. खारूनं आत डोकावलं. समोरच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडी टाकीखाली मुंगी अंग चोरून बसली होती. शेजारी आतोबांची एक मोठी रिकामी बोकाशीची बादली पडली होती.

"मुंगे, ती बादली उपडी करून डोक्यावर घे. आत बस. कासवासारखी." आपला आवाज कापतोय, हे खारूला ऐकू येत होतं. "मी येतेय."

"तू येतेयस? तू?" चष्म्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं स्वतःचं सायकलचं हेल्मेट तिच्या डोक्यावर बसवलं, दारातलं काथ्याचं जाड पायपुसणं आणून तिच्या पाठीवर टाकलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. "काच डोळ्यांत जायला नको."

चष्म्यातून तिला सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. ती खिडकीतून आत सरपटली आणि फरशीवर उतरली. बुटांखाली काचा करकरल्या. खोली भट्टीसारखी तापली होती. दोन्ही भिंतींवर बाटल्यांच्या रांगा होत्या आणि कुठल्या तरी बाटलीतून सूं असा आवाज येत होता. कोणत्या, ते कळत नव्हतं. मागे फिरावं, खिडकी गाठावी, पळावं, असं तिच्या अंगातला कणन् कण सांगत होता.

"कासव इथंय," बादलीतून आवाज आला.

खारू पुढे सरकली. तिनं बादली उचलली, मुंगीला पायपुसण्याखाली घेतलं आणि दोघी खिडकीपाशी आल्या. बादली उपडी ठेवून खारू तिच्यावर चढली आणि तिनं मुंगीला वर ढकललं. चष्मा चाचपडत होता. त्याच्या हाताला आधी मुंगीचा कान लागला, मग दंड. त्यानं तिला बाहेर ओढून घेतलं.

त्याच क्षणी बादलीचा तळ कडकन मोडला. खारू धपकन खाली आली. आता खिडकी हाताला लागेना.

"उडी मार," चष्मा ओरडला. तिनं मारली. बोटं नुसती चौकटीला घासली. आता उरलं होतं फक्त दार, आणि दाराला चिकटूनच फळ्या होत्या.

तिनं पायपुसणं डोक्यावरून ओढलं, मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघाली. तो सूं आवाज जवळ येत गेला. कडीवर हात पोहोचला, तो घामानं निसटला. दुसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी कडी ओढली. दार उघडलं, ती बाहेर झेपावली आणि पायानंच तिनं ते मागे लोटलं. कुलूप लागल्याचा खट्ट आवाज आला आणि पाठोपाठ आत एक नाही, चार-पाच बाटल्या एकामागून एक फुटल्या. काचांचा मारा दारावर आतून ताडताड बसला.

खारू बोळात बसकण मारून रडायला लागली.

आवाजानं रखवालदार धावत आला. पाठोपाठ आतोबा आले. त्यांच्या हातात रंगीत फितीचं रीळ होतं, बाटल्यांना बांधायला आणलेलं. "काय झालं? बघू तरी," म्हणत त्यांनी किल्ली काढली.

खारू उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. नाक वाहत होतं, पण ती हलली नाही. "आत जायचं नाही, आतोबा. मुंगी आत होती. तुम्ही तिला आत कोंडून गेला होता."

आतोबांच्या हातातलं रीळ खाली पडलं आणि फीत उलगडत बोळभर गेली.

"काका, आधी गरम पाणी बंद करा," खारू रखवालदाराला म्हणाली. "खोली थंड होईपर्यंत कुणीच दार उघडायचं नाही."

रखवालदार पाइपांचं पाणी बंद करायच्या चाकाकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी जाड हातमोजे घालून आणि ओल्या गोधड्या टाकून मोठ्या माणसांनी उरलेल्या बाटल्यांची बुचं एकेक करून सैल केली. तेव्हा मुलांना अंगणाच्या पार टोकाला उभं केलं होतं. त्यानंतर बादल्यांमधलं पाणी रोजच्या रोज भरपूर पाण्यात मिसळून झाडांना जाऊ लागलं.

बाटल्या सैल केल्या त्याच संध्याकाळी आत्यानं खारूला जवळ ओढून तिच्या केसांतून हात फिरवला. "केवढं डोकं चालवलंस गं. आणि केवढी हिंमत." रखवालदार वर येऊन कानाची पाळी धरून उभा राहिला. "पाइप नव्हते ते," एवढंच म्हणाला.

आतोबा सगळ्यांत शेवटी आले आणि तिच्यासमोर खालीच बसले. "मी तुला भित्री म्हणायचो," ते म्हणाले. "आत उतरताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना. खूप," खारू म्हणाली. "अजून वाटतेय."

"मलाही," आतोबा म्हणाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिला कळलं की तिच्या हातापेक्षा त्यांचाच हात जास्त थरथरतोय. मग तिनंच तो घट्ट धरून ठेवला.