एकट्याची सीट

कॅफे रेसर मोटारसायकलला सीट एकट्याची असते. आखूड हँडल, लांब टाकी, एका माणसापुरती गादी आणि तिच्यामागं पत्र्याचं कुबड. त्या कुबडावर मांजरसुद्धा टिकणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक मला येड्यात काढतात.

कडेगावात या गाड्यांचा नाद आम्हा तिघांनाच. मी, माझा धाकटा भाऊ राजवर्धन आणि वेल्डिंगवाला दस्तगीर. मी आणि राजा ऊस बघायचो, आणि उरलेला वेळ दस्तगीरच्या दुकानात साडेतीनशे सीसीच्या जुन्या गाड्या कापून कॅफे रेसर बनवायचो. गेल्या वर्षी राजा तापानं गेला. जाताना स्वतःची अर्धवट गाडी त्यानं दस्तगीरला दिली. मला नाही. सख्ख्या भावाला नाही!

दस्तगीरनं ती पुरी केली. पहिल्या फेरीला आम्ही दोघं आपापल्या गाडीवरनं औंधला गेलो. यमाईच्या डोंगराखाली चहावाल्या मनुबाईनं तीन कप भरले.

"दोघंच हाय की आमी," मी म्हणालो.

"आवं, मग ह्यांच्या मागं बसून आल्यालं पोरगं कुठं गेलं?" तिनं दस्तगीरकडं बोट केलं. "हाताची घडी घातल्यालं?"

राजा कुणाच्याही मागं असाच बसायचा. कशाला धरायचा नाही.

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी दस्तगीर फेरी मारून आला, तसे मी मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर मापले. दोन माणसांच्या वजनानं दबावेत इतके दबल्याची खूण दांड्यावर होती.

"वळणाला माझ्याआदी कलतोय रं," दस्तगीर हळूच म्हणाला. "लय सोबत वाटती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटायला हवी होती, पण डोक्यात एकच, माझा भाऊ मेल्यावरही याच्याच मागं बसतो. मी ती गाडी मागून घेतली, तीन वेळा औंधला नेली. तिन्ही वेळा मनुबाईनं एकच कप भरला.

शुक्रवारी दस्तगीर नमाजला गेला. दुकान नेहमीसारखं माझ्या भरवशावर उघडं. मी त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या एक्सलचा, चाक जाग्यावर धरून ठेवणारा नट काढला आणि पाटाच्या पाण्यात फेकून दिला. हाच नसला तर राजा जाईल कुठं? माझ्याकडंच येईल.

"येतोस का गड्या औंधला?" परत आल्यावर त्यानं विचारलं.

"न्हाई. तू जा."

मी दुकानासमोर माझ्या गाडीवर बसून राहिलो, फोन हातात धरून.

चारच्या सुमारास गाडी मागनं दबली.

वारा नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"राजा, आलास?" डोळे भरून आले. वळून बघितलं नाही, बघितलं तर जाईल म्हणून.

पुढचं चाक जरासं हललं. मग गाडी पुन्हा वर आली.

साडेपाचला दस्तगीर परतला. धडधाकट.

"चढाला पुढचं चाक लय वळवळाय लागलं रं. म्हटलं आता गेलो! आन एकदम थांबलं. चार वाजलं असत्याल."

मी खाली वाकलो.

त्याच्या एक्सलवर आठ कोनांचा नट होता. तसा नट एकच आहे, मी स्वतः लेथवर कातलेला, माझ्या गाडीसाठी.

मी माझ्या गाडीकडं बघितलं. एक्सलचं टोक उघडं होतं.

म्हणजे चार वाजता राजा खरंच माझ्याकडं आला होता. नट न्यायला.