तेलाचा काटा

सिलतऱ्याच्या क्वार्टरमधून रायपूरला जायचं म्हणजे काही मोठा प्रवास नव्हे. स्वरदा आठवड्यातून दोनदा जायची, सासूबाईंना घेऊन. मंदाकिनीबाईंच्या किडन्यांनी काम सोडलं होतं. मशीनवर रक्त धुऊन घ्यायला शहरातल्या दवाखान्यात दुपारची पाळी मिळाली होती. नवरा अनिमेष कारखान्यात, त्याला सुटी मिळायची मारामार, म्हणून गाडी स्वरदाच चालवायची.

गाडी नवीकोरी. स्टीअरिंगमागे सगळं काचेच्या पडद्यावर उमटायचं. पण त्याच्या खाली, स्वरदाच्या डाव्या गुडघ्याजवळ, एक गोल काळी डबी स्क्रूने ठोकून बसवलेली होती. तेलाच्या दाबाचा काटा. नव्या गाड्यांत हा काटा येतच नाही. दाब पडला की लाल दिवा लागतो, बस. स्वरदाचे वडील नरहरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये आयुष्यभर इंजिनांत हात घालून बसलेले. ते म्हणायचे, "दिवा लागते तेव्हा इंजिन मेलेलं असते. काटा मरायच्या आधी सांगते."

अनिमेष हसला होता. "आजकालच्या गाड्यांले हे लागत नाही गं. कम्प्युटर सगळं पाहून घेते."

"कम्प्युटर पाहते. मी कुठं पाहून राहिली? इंजिन गरम झाल्याचा काटाही ते मधोमध आणून ठेवतात, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. मले माह्या डोळ्यानं दिसलं पाहिजे."

आणि तिनं भनपुरीच्या शालिग्राम मिस्त्रीकडून तो काटा बसवून घेतलाच. इंजिनपासून एक बारीक तांब्याची नळी थेट डबीपर्यंत आणलेली. त्या नळीत खरंखुरं तेल चढायचं आणि तेच काट्याला ढकलायचं. मध्ये ना वायर, ना कम्प्युटर.

त्या दिवशी नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. हायवेवर पुलाचं काम काढलेलं, म्हणून गाड्या बाजूच्या जुन्या रस्त्यानं वळवल्या होत्या. हा रस्ता एका बंद पडलेल्या स्पंज आयर्नच्या कारखान्याच्या भिंतीला लागून जातो. ट्रकवाले त्यावरून फारसे येत नाहीत. का येत नाहीत, हे स्वरदानं कधी विचारलं नव्हतं. भर दुपार. कडुनिंबांची पानं काळ्या धुळीनं जड झालेली, एक हलेल तर शपथ. जळक्या लोखंडाचा वास बंद काचांमधूनही आत येत होता. बाजूच्या सीटवर मंदाकिनीबाई पदर ओठांवर धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. तहान हे त्यांचं चोवीस तासांचं दुखणं होतं.

"गुळणी करू का गं? गिळणार नाही मी."

"दवाखान्यात बर्फाचा खडा देतो ना आई. पोचलोच आता."

समोर ट्रक तोलायचा जुना धरमकाटा आला. छप्पर उडालेली खोली, गंजलेली लोखंडी फरशी. आणि तिथंच पडद्यावर घंटी वाजली. इंजिनच्या उष्णतेचा काटा मधली जागा सोडून एका झटक्यात लाल रेघेला जाऊन भिडला. खाली अक्षरं उमटली, इंजिन गरम, गाडी थांबवा.

स्वरदाचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवरून उठला. गाडी मंदावली.

"काय झालं?"

"गरम दाखवून राहिलं."

तिनं पटकन एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. बाहेर आगीचा लोळ आणि ही आत हीटर लावते, म्हणून मंदाकिनीबाई चकित होऊन पाहायला लागल्या. पण स्वरदाला ठाऊक होतं, इंजिन खरंच तापलं असेल तर तोंड भाजेल असा वारा येईल. जाळीवर तिनं हात धरला.

वारा गार होता. नुसता गार नाही... बंद विहिरीत वाकून पाहावं तसा. शेवाळाचा, ओल्या लोखंडाचा वास असलेला.

गार वाऱ्याचे दोन अर्थ निघत होते. एक तर इंजिन तापलेलंच नाही. किंवा रेडिएटरमधलं सगळं पाणी वाहून गेलंय, आणि आता चार पावलं पुढे गेलं तरी इंजिन जाम होईल. या उन्हात, या रस्त्यावर, आजारी बाईला घेऊन.

"थांबव गं... जाळतेस का गाडी?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "तो पाह्य, तो येऊन राहिला. देवासारखा आला बाई... पाणी आहे त्याच्यापाशी."

धरमकाट्याच्या खोलीतून एक माणूस निघाला होता. डोक्यातोंडाला पांढरा गमछा गुंडाळलेला, हातात तेलाचा पिवळा डबा. तो अंगभर भिजलेला होता. बाह्यांतून, बोटांतून पाणी ठिबकत होतं. पण त्याच्या पायाखालची धूळ कोरडीच होती. थेंब खाली पोचतच नव्हते.

गाडी अजून सरपटत होती. तो मंदाकिनीबाईंच्या काचेजवळ आला आणि बरोबरीनं चालू लागला.

"दीदी... गाड़ी गरम हो गई... रोक लो. पानी डाल देता हूँ."

"नको," स्वरदा पुटपुटली. तिलाच तिचा आवाज ऐकू आला नाही.

"माताजी को भी प्यास लगी है... बहुत दिन से..."

मंदाकिनीबाईंचं बोट काचेच्या बटणावर गेलं. काच चार बोटं खाली उतरली. आतल्या गारठ्यात बाहेरची झळ शिरायला हवी होती. शिरला तो आणखी गारठा.

"एक घोट, स्वरदा... एकच... कोणाले सांगू नको."

फटीतून ओल्या बोटांची टोकं आत आली. पांढरी, सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

तेव्हा स्वरदाची नजर खाली, गुडघ्याजवळ गेली. क्लच दाबलेला होता, इंजिन नुसतं गुरगुरत होतं. खरंच उकळलं असतं तर तेल पातळ होऊन काटा तळाशी पडला असता. पडला नव्हता. रोज जिथं उभा राहतो तिथंच होता, किंचित थरथरत, जिवंत.

दोन काटे. एक म्हणतो थांब, एक म्हणतो चल. एकाला कम्प्युटर सांगतो, आणि त्या कम्प्युटरला कोण सांगतं ते देव जाणे. दुसऱ्याला इंजिनचं तेल ढकलतं.

भीती गेली नाही, पण भीतीच्याही वर संताप चढला. तहानलेल्या म्हातारीला फसवतोस?

"हात काढ," ती म्हणाली. आता आवाज फुटला. "हात काढ म्हणते! माह्या गाडीचं मी पाहीन!"

तिनं आपल्या बाजूचं बटण खेचून काच वर चढवली, सासूबाईंचं बटण बंद केलं आणि क्लच सोडला. बोटं काचेत सापडली नाहीत. काचेवरून नुसती घसरत गेली. दुसरा गिअर, तिसरा. तो माणूस धावत नव्हता. चालतच होता, तरी काचेजवळच होता. पडद्यावर घंटी बडवत होती, लाल अक्षरं उघडझाप करत होती, मंदाकिनीबाई लहान मुलासारख्या रडत होत्या. स्वरदानं पडद्याकडे पाहिलंच नाही. एक डोळा रस्त्यावर, एक तेलाच्या काट्यावर.

हायवेचा चढ लागला आणि घंटी थांबली. लाल काटा गुपचूप मधोमध येऊन बसला. काचेपलीकडे कोणी नव्हतं.

सासूबाई मशीनवर असताना ती गाडी घेऊन शालिग्रामकडे गेली. त्यानं बॉनेट उघडलं, टाकीचं झाकण फिरवलं आणि हात मागे घेतला. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट असायचं. आता काठोकाठ काळसर पाणी होतं. गाडी एवढी चालून आलेली, तरी बर्फासारखं गार.

"दीदी, धरमकाटा वाले रस्ते से आई हो क्या?"

"हो. बॉनेट कोणी उघडलं नाही. मी थांबलीच नाही."

शालिग्रामनं हात चिंधीला पुसले. "वहाँ से गाड़ी आती है मेरे पास, टोचन होके. गाड़ी में कुछ खराबी नहीं रहती. चलाने वाले को सब बोलते हैं, लू लगी. पर लू में आदमी के मुँह से पानी नहीं निकलता दीदी... काला पानी." मग म्हणाला, "मैं हाथ नहीं लगाऊँगा."

"नको लावू. रेडिएटरचा नळ कुठं आहे ते दाखव."

तिनं स्वतः खाली वाकून ते पाणी एका डब्यात काढलं. शालिग्रामनं लांबून हिरवं कूलंट पुढे केलं, तिनं भरलं.

परतताना उन्हं उतरली होती. मंदाकिनीबाई थकून मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या, पण जाग्या होत्या. धरमकाट्यापाशी स्वरदानं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं, दार उघडं टाकलं आणि डबा घेऊन उतरली. ती चालत त्या लोखंडी फरशीपर्यंत गेली.

"तुझं पाणी तुले परत," ती मोठ्यानं म्हणाली. "आम्ही मागितलं नव्हतं."

तापलेल्या जमिनीवर पाणी ओतलं तर सूं करून वाफ व्हायला हवी. झाली नाही. जमिनीखालून कुणीतरी हावऱ्यासारखं प्यावं तसा घट घट आवाज आला... आणि डबा रिकामा झाला तरी चालूच राहिला.

पुढच्या खेपेला तिथला ओला डाग तिला दिसला. नवतप्याच्या उन्हातही वाळलेला नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला तो धरमकाट्याजवळ नव्हता, रस्त्याखालच्या मोरीजवळ होता. मग सिलतऱ्याच्या वळणावर. कुत्री जवळ जाऊन हुंगायची आणि शेपूट घालून परत फिरायची. अनिमेष म्हणाला, काही दिवस दुसऱ्या कोणाची गाडी बोलावू. स्वरदा म्हणाली, "काहून? रस्ता त्याच्या बापाचा आहे का?"

आणि आज, दवाखान्याला निघायच्या वेळी, मंदाकिनीबाई आधाराशिवाय फाटकाशी उभ्या दिसल्या. फाटकासमोर, वाळून फुटलेल्या मातीत, घागर सांडल्यासारखी ओल होती. म्हातारीचे ओठ कोरडे, पांढरे पडलेले. तिनं पाण्याकडे पाहिलं, आणि त्यावर थुंकण्याचा प्रयत्न केला. थुंकी नव्हतीच.

"चाल," सुनेला ती म्हणाली. "घाल गाडी त्याच्यावरून."

स्वरदानं इंजिन सुरू केलं, काटा उभा राहीपर्यंत थांबली आणि पाण्यावरून गाडी घातली. चाकं चरचरली. कॉलनीच्या रस्त्याला लागल्यावर तिनं आरशात पाहिलं. मागे डांबरावर चाकांच्या दोन ओल्या रेघा उमटत येत होत्या. त्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध, गाडीच्या वेगानंच, अनवाणी पावलं उमटत होती.

तिनं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. आरसा वर वळवला आणि धरमकाट्याचाच रस्ता धरला.