रेहानसाठी अ‍ॅप कोणतं?

मैना कुणालाही "मला माहीत नाही" असं म्हणत नसे. म्हणून त्या सोमवारी ती गप्प झाली, तेव्हा सगळा वर्ग मान वळवून पाहू लागला.

मैना म्हणजे देवरुखच्या शाळेतला यंत्रमानव. उंची सहावीतल्या मुलाएवढी, आवाज गोड. हजारो अ‍ॅपमधून कुणाला कोणतं आवडेल ते ती चुटकीसरशी सांगायची. सत्राच्या सुरुवातीला ती प्रत्येक बाकापाशी थांबून एकेक अ‍ॅप सुचवत होती. सोहमला तिने क्रिकेटचं गणित शिकवणारं अ‍ॅप दिलं आणि तो खूश झाला. केतकी मुळ्येला मात्र तिने सुचवला झुरळं चिरडण्याचा खेळ.

"मला झुरळांची किळस येते," केतकी म्हणाली.

"पण तुझ्या फोनवर तो खेळ रोज खेळला जातो," मैना म्हणाली.

"तो माझा धाकटा भाऊ खेळतो."

वर्ग हसला. मग मैना केतकीच्या शेजारी बसलेल्या रेहानकडे वळली आणि थबकली. जरा वेळाने म्हणाली, "तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही."

रेहान मुकादम दाभोळहून नुकताच आला होता. त्याला उजेड आणि सावली कळायची, पण अक्षरं किंवा चित्रं दिसत नसत. शुक्रवारी वर्गाच्या भिंतीएवढ्या पडद्यासाठी तीन अ‍ॅप पक्की व्हायची होती आणि तीच सत्रभर राहणार होती. मैनाच्या यादीत वर होती 'रंगपेटी', 'नकाशानगरी' आणि 'झटपट कोडी'. तिच्या माहितीप्रमाणे तिन्ही डोळ्यांनी पाहायची.

"चालेल, बाई," रेहान वर्गशिक्षिका पाध्ये बाईंना म्हणाला. "अ‍ॅपच्या तासाला मी वाचनालयात बसेन."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की हे त्याने आधीही पुष्कळदा म्हटलं असणार, असं केतकीला वाटलं. तिला डबा गोड लागला नाही.

केतकीचे आजोबा, डॉ. यशवंत मुळ्ये, शास्त्रज्ञ होते. यंत्रांना शिफारस करायला शिकवण्यातच त्यांची उमर गेली होती. संध्याकाळी केतकीने त्यांना गाठलं.

"आजोबा, मैना एवढी हुशार, मग तिला रेहानसाठी एक अ‍ॅप का सापडू नये?"

आजोबा आत जाऊन फणसपोळी, आंबावडी आणि आवळासुपारी घेऊन आले.

"तुला फणसपोळी आवडते, आंबावडी आवडते. सोहमलाही दोन्ही आवडतात. सोहमला आवळासुपारीही आवडते, पण तू ती कधी चाखलेली नाहीस. आता मी तुला काय देऊन पाहू?"

"आवळासुपारी. आमच्या आवडी जुळतात ना."

"मैना हेच करते. यालाच म्हणतात समरुची-शिफारस (ज्यांच्या आवडी आपल्याशी जुळतात, त्यांच्यावरून आपल्याला काय आवडेल त्याचा अंदाज). मैनाला तुझं मन दिसत नाही. फोनवर कुणी काय दाबलं, तेवढंच दिसतं."

"म्हणून झुरळं," केतकी म्हणाली.

"बरोबर. आता रेहानने आजवर काय काय चाखलंय?"

"मला कुठे माहीत आहे?"

"मैनालाही नाही. हा कोऱ्या पाटीचा प्रश्न (नवख्या माणसाची काहीच माहिती नसल्यामुळे यंत्र अडून बसणं). त्यावर उपाय काय?"

केतकीने आवळासुपारी तोंडात टाकली. आंबट लागली, पण आवडली. "त्याला विचारायचं," ती म्हणाली.

"इतकं सोपं आहे. आणखी एक गोष्ट बघ. स्वतःसाठी निवडताना आपल्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते पाहायचं. पण सगळ्या वर्गासाठी निवडताना?"

केतकीने बोटांवर हिशोब मांडला. "समजा, सगळ्यांनी दहा गुण दिले आणि एकट्या रेहानने शून्य, तरी सरासरी (सगळ्यांचे गुण मिळवून माणशी येणारा वाटा) चांगलीच येईल. त्याचं शून्य त्यात दिसणारच नाही."

"मग सरासरी बघू नकोस. प्रत्येक अ‍ॅपला मिळालेले सगळ्यात कमी गुण किती, ते बघ. ज्या अ‍ॅपचे हे कमीत कमी गुणही बाकीच्यांपेक्षा जास्त असतील, ते वर्गाचं."

दुसऱ्या दिवशी केतकीने बाईंची परवानगी घेतली आणि मैनाला म्हणाली, "अंदाज करू नकोस. रेहानलाच विचार."

मैनाने विचारलं. रेहान जरासा गोंधळला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मला 'कानोसा' आवडतं," तो म्हणाला. "आजूबाजूचे मिसळलेले आवाज ते सुटे करून ऐकवतं. मग कुठला आवाज कुठून आला ते ओळखायचं."

बाईंनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि डोळे मिटायला लावले. मैनाने 'कानोसा' लावलं आणि एक खरखर सुटी ऐकू आली. केतकीने ठामपणे नळाकडे बोट दाखवलं. रेहान म्हणाला, "वर. पोफळीची झावळी छपराला घासतेय." डोळे उघडून पाहिलं तर खरंच तसं होतं. मग एकच गलका झाला. प्रत्येकाला पुन्हा खेळायचं होतं. सोहमने तर मांजराच्या आवाजाला बाईंची शिंक म्हटलं आणि बाईच सगळ्यांत जास्त हसल्या.

केतकीने सांगितल्याप्रमाणे मैनाने सरासरीऐवजी सगळ्यात कमी गुण बघून नव्याने हिशोब मांडला. 'कानोसा' वर आलं. 'नकाशानगरी' बोलूनही दाखवते, पण ती सोय वर्गात कुणी वापरलीच नव्हती, म्हणून मैनाला तिचा पत्ता नव्हता. 'झटपट कोडी'ही कुणी वाचून दाखवली, की ऐकून सोडवता येत होती. 'रंगपेटी' गळली.

"मला 'रंगपेटी'च हवी होती," सोहम म्हणाला.

"तुझ्या फोनवर ठेव ना," रेहान म्हणाला. "रंगवलंस की मला सांग, काय काढलंस ते."

सोहमला ते पटलं. शुक्रवारी तीन नावं पक्की झाली.

"ही रीत मी दुसऱ्या शाळांतल्या मैनांना कळवू का?" मैनाने विचारलं. बाईंनी होकार दिला.

पुढच्या आठवड्यात भामरागडच्या शाळेतून एका मुलीचा निरोप आला. मैनाने तो सगळ्यांना ऐकवला: "मी जुरी. आमच्या मैनाने मला पहिल्यांदाच विचारलं, कुठलं अ‍ॅप आवडतं म्हणून. मला आवडेल असं अ‍ॅप अजून कुणी बनवलंच नाही. मला आमच्या माडिया भाषेत गोष्टी सांगणारं अ‍ॅप हवंय."

मैना म्हणाली, "जे अजून नाही, ते मला सुचवता येत नाही."

"आपल्याला बनवता येईल," केतकी म्हणाली. "गोष्टी जुरी सांगेल. कसं बनवायचं ते आजोबांना विचारू."

रेहानने बाक पुढे ओढला. "आवाजाचं काम माझ्याकडे," तो म्हणाला. "तिला आधी विचारा, त्यांच्या जंगलात कुठले कुठले आवाज येतात?"