यादीत नसलेलं नाव

“घे व तुही पेटी! बडनेऱ्याहून बारा वाजताची गाडी हाये. अकोल्याले तुह्या मायच्या दारात नेऊन सोडतो तुले, अन् मोकळी होतो एकदाची!”

पार्बताबाईंनी पत्र्याची पेटी ओट्यावर आदळली... त्या आवाजानं आत झोपलेला सहा वर्षांचा धर्मपाल कण्हला. शकुनचं काळीज तिकडे धावलं, पण पाय धावू शकले नाहीत. दारात सासू आडवी उभी होती, आणि पार्बताबाई एकदा आडव्या उभ्या राहिल्या की फ्रेजरपुऱ्यातली बैलगाडीसुद्धा दुसऱ्या गल्लीनं जायची!

“आत्याबाई, त्याले उठू द्या. दोन घास भरवतो, मंग चला.”

“काही गरज नाही. शेजारची इंदूबाई बसली हाये त्याच्यापाशी. नातू माहा हाये. तू भरवलेलं त्याच्या अंगी लागलं असतं, तर हे दिवस काहून आले असते?”

तीन दिवस पोराची हाडं ठणकत होती. हवा पालटली की हे दुखणं यायचं. डोळे पिवळे व्हायचे, बोटं सुजायची, आणि “माय, माही हाडं कोनीतरी पिळून राहिलं” म्हणत तो शकुनच्या कुशीत शिरायचा. त्याच्या आधीची पोर अशीच दुखणी काढत दीड वर्षाची होऊन गेली होती... पार्बताबाईंच्या मांडीवर! त्या दिवसापासून त्या बाईला घरात कुणीतरी अपराधी हवा होता. आणि सून असताना अपराधी शोधायला लांब जावं लागतं, असं कोणतं घर आहे?

तशी शकुन काही परक्याची नव्हती. पार्बताबाईंच्या सख्ख्या भावाची, अकोल्याच्या खुशालरावांची ती लेक. ती पाळण्यात होती तेव्हाच आत्यानं तिच्या मनगटात काळा दोरा बांधून बजावलं होतं, “ही माह्या श्रावणची. बाहेर देसान तर याद राखजो, भावाचं तोंड पाहणार नाही!” मामाच्या लेकीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत, आणि रीतीपुढे खुशालराव काय बोलणार? बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी नातू झाला, तेव्हा धर्मपाल हे नावही आत्यानंच ठेवलं, वस्तीभर गूळ वाटला. पण तेही पोर दुखण्याला लागलं, आणि त्याच आत्याची जीभ पुन्हा कोयता झाली. भावाला दोष देववत नव्हता, म्हणून तो भावजयीवर गेला. “आमच्या रक्तात खोट नव्हती! तुही माय आली रिद्धपूरकडून, अन् सडकं बेणं घेऊन आली!”

शकुन ऐकायची. खाली मान घालून भाकरी थापायची...

आणि तिच्यापाशी एक वाक्य होतं. एकच! ते उच्चारलं असतं, तर तिच्या आईवरचा कलंक त्या क्षणी धुतला गेला असता. पण ते तिनं वर्षभर जिभेखाली दाबून ठेवलं होतं.

श्रावण सायन्स कॉलेजात यंत्रं सांभाळायला होता. स्कॉलरशिपवर शिकला, मुंबईत दोन वर्षं उपकरणं बनवायला शिकला, आणि लेक गेली तसा नोकरी सोडून अमरावतीला परतला. तेव्हापासून त्याला एकच ध्यास. “डॉक्टर रक्ताच्या थेंबातल्या लाखो पेशी एकदम पाहतात, शकुन. यात्रेची गर्दी पाहून गावाचा स्वभाव सांगितल्यासारखं आहे ते. मला एकेका पेशीला वेगळं उभं करून विचारायचं आहे.” मोडका रेडिओ, प्रकाश ओळखणारा विजेचा डोळा आणि केसाएवढं भोक असलेली काचेची नळी, यांतून त्याचं यंत्र उभं राहत होतं. त्या नळ्या ज्योतीवर ओढायचं काम शकुनचं. श्रावणच्या हातात शंभर तुटायच्या, तिच्या हातात दहा! पेशी नळीतून एकेक करून जायची, तिच्या सावलीनं भोंग्यातून आवाज उमटायचा. गोल पेशीचा स्वच्छ, टक् असा. प्राणवायू आटला की विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशीचा फाटका, खर्र असा.

मागल्या वर्षी घरातल्या सगळ्यांच्या बोटाचं रक्त त्यानं घेतलं होतं. धर्मपालचा आवाज सगळा फाटका. श्रावणचा अर्धा, शकुनचा अर्धा, खुशालरावांचा अर्धा. दुर्गाबाईंचा, म्हणजे शकुनच्या आईचा, शुद्ध आणि स्वच्छ! आणि पार्बताबाईंचा...? तोही अर्धा फाटका. बहीण-भावाच्या रक्तातला तो दोष आत्याच्या हट्टापायी एका मांडवात आला होता. दोन्हीकडून आला, म्हणून लेकरं भोगत होती.

शकुननं तो आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि नवऱ्याचे हात धरले.

“तुम्हाले माही आन हाये. आत्याबाईंच्या कानावर हे कधीच जाऊ देऊ नका!”

“आणि तुझ्या आईला रोज शिव्या बसतात, त्या?”

“माही माय सोसते. आत्याबाई नाही सोसणार. पोर त्यांच्या मांडीवर गेली हो... आपल्याच हट्टानं गेली हे कळलं, तर त्या बाईचं काय उरंल?”

श्रावणनं आईचं नाव वगळलं. मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेनं लिहिलं, तुमचं यंत्र अपूर्व आहे, इथे येऊन काम करा. पण तीन पिढ्यांची नोंद पुरी हवी, वडिलांकडचे आजोबा हयात नाहीत, पण आजीची जागा रिकामी का? त्या पत्राला उत्तर न देता तो महिनाभर गप्प बसला होता. बायकोची शपथ, आणि जन्माचं काम... मध्ये तो!

त्या दिवशी दोघींची सायकलरिक्षा स्टेशनाआधी कॉलेजाशी थांबली. पार्बताबाईंना लेकाच्या तोंडावर सांगूनच सून न्यायची होती. चोरून काही करण्यातल्या त्या नव्हत्या.

श्रावण नवी नळी बसवून भोंगा वाजवून पाहत होता. पेटी पाहून त्याचा चेहरा उतरला.

“माय, हे काय?”

“जे तुले जमलं नाही, ते. हिले मी अकोल्याले...”

बोलता बोलता त्या थांबल्या. भिंतीवर मोठ्या कागदावर नावं लिहिली होती. पार्बताबाई प्रौढांच्या वर्गात सहा महिने गेल्या होत्या. अक्षर दिसलं की बोट आपोआप वर व्हायचं.

“खु... शाल... राव. दुर्गा... बाई. श्रावण. शकुन. धर्मपाल.” बोट खाली आलं, परत वर गेलं. “काय रे बापा! सगळी वरात हाये इथं. भाऊ हाये, भावजयही हाये. अन् मी कुठं हाये?”

श्रावण उगाच भोंग्याची तार नीट करू लागला.

“रगत तर मीही देल्लं होतं! बोट टोचलं तवा चार दिवस भाकर थापता आली नाही मले. माहं नाव काहून नाही? मी काय या घरची नव्हे? कापसाचे गठ्ठे वाहून शिकवलं तुले, ते नाव मिटवाले?”

आणि मग विपरीतच घडलं... जिला हाकलायचं होतं, तीच पुढे झाली! शकुननं पेटी उचलली.

“चला आत्याबाई, गाडी चुकंल. मी जातो ना अकोल्याले. चला!”

पार्बताबाई कमी शिकलेल्या होत्या, कमी समजणाऱ्या नव्हत्या. आजवर उंबरा सोडायचं म्हटलं की पाय धरणारी ही पोरगी, लेकराला न भेटता, आज गाडीसाठी घाई करून राहिली?

“ठेव ते खाली,” त्या हळूच म्हणाल्या. “श्रावण, सुई आण.”

“माय, यंत्र बिघडलंय.”

“आताच तर वाजत होतं. आण म्हणतो ना!”

त्यानं आणली नाही. त्यांनी टेबलावरची सुई स्वतः उचलली आणि बोटात खुपसली.

रक्तातला प्राणवायू शोषणारं औषध टाकून अर्धा तास थांबावं लागलं. बाराची गाडी बडनेऱ्याहून निघून गेली असेल... आणि मग भोंगा वाजू लागला. टक्. टक्. खर्र. टक्. खर्र... खर्र...

पार्बताबाईंनी नातवाचा आवाज पूर्वी ऐकला होता. तो विसरण्यासारखा नव्हताच! त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधू लागला.

“दुर्गाचा लाव,” त्या म्हणाल्या.

“ते रक्त आता नाही, माय. पण तिचा स्वच्छ होता. सगळा.”

“म्हणजे भाऊ अन् मी... कवापासून माहीत हाये तुले?”

“वर्ष झालं.”

“अन् हिले?”

“तिनंच आधी ऐकलं. तिनंच शपथ घातली.”

त्या वळल्या. उभ्या आयुष्यात कुणापुढे न झुकलेली ती मान सुनेपुढे झुकली होती.

“मी तुह्या मायले सडकी म्हणत होती, तवा तुले माहीत होतं?”

“हो.”

“मंग तोंड शिवलं होतं का तुहं? फेकाचं होतं माह्या तोंडावर!”

“आत्याबाई...” शकुनला हुंदका आवरेना. “पोर गेली तवा तुमी तीन दिवस मांडी हलवली नव्हती. म्हणे, तिची ऊब हाये अजून. त्या मांडीले मी कसं सांगू, का दोष तुहाच हाये?”

पार्बताबाई खाली बसल्या. जमिनीवर, फटकन! त्या रडल्या ते आवाज न करता. आणि जन्मभर आवाज करणारी बाई अशी मुकी रडू लागली, तेव्हा श्रावणनं भोंगा बंद केला. शकुन शेजारी टेकली. सासूनं तिचं डोकं ओढून त्याच मांडीवर घेतलं, आणि खरखरीत तळव्यानं तिचे केस कुरवाळत राहिली... बराच वेळ.

मग नाक पुसून त्या लेकाला म्हणाल्या, “लिही माहं नाव. मोठ्या अक्षरात लिही. अन् मुंबईवाल्यांले कळव, आजी जित्ती हाये म्हणा! पण पोराचं दुखणं थांबवणारं काही निघते का यातून?”

“आज नाही, माय. पण सोयरीक जुळवण्याआधी कुणाच्या रक्तात काय आहे, ते कळेल. पुढची लेकरं वाचतील.”

“तेही काही कमी नव्हे.”

दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याला गेल्याच. सोबत शकुन होती, आणि तिच्या कडेवर दुखणं ओसरलेला, हसरा धर्मपाल. खुशालरावांच्या दारात दुर्गाबाई तूर पाखडत बसल्या होत्या. नणंद दिसताच सूप थांबलं. आज काय ऐकावं लागणार, म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“वहिनी,” पार्बताबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. “खोट माह्यात हाये. तुह्यात नाही. मशीननं सांगतलं, अन् मशीननं नसतं सांगतलं तरी मले कळाले पाहिजे होतं. बोललेलं माघारी घेता येत नाही. तुले दार लावून घ्याचं असंल तर लाव. माही तक्रार नाही.”

दुर्गाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

मग त्या उठल्या, पाण्याचा गडू भरून आणला, आणि नणंदेपुढे धरत म्हणाल्या, “सकाळची उपाशी असान. हातपाय धुवा. भाकर गरम हाये.”