खिडकीकडचा मुका स्पीकर

"माझा मेहुणा चोर नाही, त्याहून वाईट आहे," मक्सत टोपी काढत म्हणाला. "त्यानं आमचा आवाज पळवला."

झूरा बेकोवानं चहा पुढे केला. कराकोल शहरात खासगी तपास करणारी ती एकटीच. तिचा मदतनीस तालंत कष्टाळू होता, फक्त त्याला सगळं जरा उशिरा कळायचं.

मक्सतची धाकटी बहीण आयसुलू पहिल्यांदाच सिनेमात दिसणार होती. आज संध्याकाळी तिचे होणारे सासरचे तो घरी टीव्हीवर बघायला येणार, म्हणून घरात नवा रिसीव्हर आणि स्पीकर आले. काल सकाळी मेहुण्यानं, उलुकनं, सगळं जोडलं. उत्तम वाजत होतं.

"रात्री लावलं, तर खिडकीकडचा स्पीकर मुका आणि दाराकडचा बोंबलतोय. बोलणं काही कळेना. मी उलुकला नको ते बोललो. आता बायको बॅग भरतेय."

मक्सतच्या घरी तालंतनं वायरी तपासल्या. सगळ्या घट्ट होत्या.

मक्सतची बायको जिल्दिज फणकारली, "भाऊ माझा म्हणून सांगत नाही. काल दुपारी मी पीठ मळत होते, तेव्हा खोलीतून टुक-टुक आवाज आले. सकाळी आले होते तसेच. पण उलुक तर तेव्हा दुकानात होता."

"घरी आणखी कोण होतं?"

"फक्त आपा, माझ्या सासूबाई. सकाळी उलुकशेजारी बसून सगळं बघत होत्या. त्यांना आवडतात असली कामं."

बुरमा आपा खिडकीशी आपल्या खुर्चीत लोकर पिंजत होत्या.

"आपा, काल दुपारी इथं कोणी आलं होतं?" झूरानं विचारलं.

"लोणी? टेबलावर आहे, घे की."

झूरानं टीव्हीखालच्या खणातून रिसीव्हरचा छोटा माइक काढला. त्याला करड्या लोकरीचा धागा चिकटला होता.

"हा कशाला?"

"हा सोफ्यावर ठेवायचा," मक्सत म्हणाला. "मग रिसीव्हर एकेका स्पीकरला टुक-टुक करायला लावतो. जवळच्याचा आवाज उतरवतो, लांबच्याचा चढवतो."

झूरा गाणं लावून सोफ्यावर बसली, मग आपांच्या खुर्चीत. तिथून ती बराच वेळ उठलीच नाही.

"उलुकच," तालंत कुजबुजला. "यंत्रातलं त्यालाच कळतं."

"त्यालाच बोलाव."

उलुक तोंड पाडून आला. सगळे बसल्यावर झूरा म्हणाली, "बिघाड झालेलाच नाही. काल दुपारी कुणीतरी पुन्हा मोजणी केली, तेच ते टुक-टुक. माइक या खुर्चीत ठेवून. खिडकीकडचा स्पीकर जवळ, म्हणून तो उतरला. दाराकडचा लांब, म्हणून चढला. सोफ्यावर गोंधळ, पण या खुर्चीत शब्द न् शब्द स्पष्ट. घरात लोकर एकाच माणसाच्या हाताला असते. ते कसं करायचं, हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. आणि त्यांना ऐकायला कमी येतं."

"आपा?" मक्सत ओरडून म्हणाला.

"ओरडू नकोस. एवढं ऐकू येतं," आपा पुटपुटल्या. "सांगितलं असतं, तर व्याह्यांसमोर कानात यंत्र घालून बसवलं असतंत. लेक काय बोलते, ते मलाच कळायला नको?"

मक्सत उठला आणि उलुकसमोर मान खाली घालून उभा राहिला. "चुकलो रे."

"सोफा धर त्या बाजूनं," उलुक म्हणाला. "आपांच्या खुर्चीला लावू."

तालंतला आत्ता कुठे उलगडलं. तोही हात लावायला धावला.

संध्याकाळी व्याही दाटीवाटीनं आपांना चिकटून बसले. पडद्यावर आयसुलू आली, दोन वाक्यं बोलली. आपांनी डोळे पुसले आणि शेजारच्या विहीणबाईंकडे वळल्या.

"पाहिलंत? लग्नाला आली, तरी अजून तोंडात घास असल्यासारखी बोलते."