तासलेले खूर

गिऱ्हाईक चष्म्याच्या दुकानात शिरलं तेव्हा ती मागच्या अंगणात, उलट्या खोक्यावर चवडे उंचावून उभी होती. हातात फोन, फोन तारेच्या कुंपणापलीकडच्या घोडीकडे रोखलेला, आणि तोंडाने लाडीगोडी चाललेली, "इकडे बघ गं बाई... थोडी मान वर... हां, अश्शी."

मावशीने गिऱ्हाइकाला थेट मागचा रस्ता दाखवला. दुकान मावशीचं, पण गिऱ्हाईक तरुण असलं की तिचे गुडघे नेमके दुखायला लागायचे आणि ते भाचीकडे धाडलं जायचं.

"फोटो काढताय, की पळवून न्यायचा बेत आहे?"

ती दचकली. खोकं डुगडुगलं. खाली एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता, मोडका चष्मा ओंजळीत धरून.

"पळवता आली असती तर फोटो कशाला काढले असते?" ती उतरत म्हणाली. "आणि चष्म्याची ही दशा कुणी केली?"

"एका घोड्याने. मी नालबंद आहे. नाल ठोकत होतो, त्याने मान फिरवली. माझं तोंड आवडलं नसावं त्याला."

"चव असते एकेकाची," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं.

आत येऊन तिने काडी बसवली, स्क्रू आवळला आणि चष्मा त्याच्या नाकावर चढवला. चेहरे हेच तिचं काम होतं. कुणाचं नाक डावीकडे झुकलेलं, कुणाचा एक कान वर. दिवसभर ती परक्या माणसांच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायची की त्यात आता काही वाटायचं नाही. आज मात्र वाटलं. त्याच्या कानामागे बोटं जरा जास्तच रेंगाळली.

"घट्ट होतंय?"

"नाही... पण हवं तर अजून एकदा बघा."

मावशी काउंटरपलीकडे खोकली. खोकला तिला नव्हता.

बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. नीट दिसायला लागलेल्या डोळ्यांनी तो पुन्हा कुंपणापाशी गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. पलीकडे भाड्याने घोडे देणाऱ्याचा तबेला होता. धंदा बसला, घोडे विकले गेले, ही एकच घोडी मागे राहिली. दुधावरच्या सायीसारखा रंग, म्हणून भाची तिला 'साय' म्हणायची.

"वर्षापूर्वी मीच हिचे नाल काढले होते," तो म्हणाला. "मग मालकाने बोलावलंच नाही. मला वाटलं, हीसुद्धा विकली. ते बघा, ढुंगणावरची हाडं वर आलीत. बरगड्या तर इथून मोजता येतील. पाण्याच्या टाकीला शेवाळ आलंय. आणि ती सारखी मागच्या पायांवर भार घेते, दिसतंय? पुढचे खूर वाढून वर वळलेत. तिला पुढचे पाय टेकायलाच दुखतं."

तिला पाय कधी दिसलेच नव्हते. दिसले होते, पण तिने पाहिले नव्हते. रोज दुपारी डबा खाताना ती बघायची ते सायचे डोळे, ओले, मोठे, तिच्याकडे लागलेले.

तिने त्याच्यासमोरच प्राण्यांच्या खात्याला फोन लावला. तिकडच्या बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. तपासणीला सोमवारी येऊ म्हणाल्या.

त्यानंतर नालबंदाचा चष्मा रोज सैल व्हायला लागला. कधी काडी, कधी नाकाची गादी.

"हा चष्मा आहे की पाळणा? रोज हलतो," ती म्हणायची.

"कारागीर चांगला नसेल."

"मग दुसरं दुकान बघा."

"बघितलं. तिथे मावशी नाही."

दोघं असं हसायची, आणि मग नजर कुंपणाकडे गेली की गप्प व्हायची. सोमवार कधी येतो असं तिला झालं होतं.

रविवारी मालक बाहेरगावी गेला. दुकान बंद होतं. नालबंद हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि नुसताच कुंपणाशी उभा राहिला. साय चिखलात उभी होती. एक पाऊल टाकायची आणि थांबायची.

"उद्या त्या येणारच आहेत," ती म्हणाली.

"हो. उद्या." तो तरी हलेना. "पण मला बघवत नाही. ज्याला शिवता येतं त्याने फाटकं कसं बघत बसायचं?"

तिलाही बघवत नव्हतं. कोपऱ्यातली तार ढिली होती. तिथून दोघं आत शिरली.

ती दुपार तिला जन्मभर पुरणार होती. त्याने सायचा पाय उचलून मांडीवर घेतला, चिखल खरवडला आणि पकडीने वाढलेला खूर थोडा थोडा कापत गेला. मग कानस. ती सायचं डोकं छातीशी धरून उभी होती, तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसत होती. पाऊस पडत होता की थांबला होता, कुणाला ठाऊक.

"तुमचा हात किती हळू चालतो," ती म्हणाली.

"तुमचा नाही का? माझ्या कानामागे..."

"गप्प बसा. पाय सुटेल."

"नाही सुटणार. आणि... 'तू' म्हटलंस तरी चालेल."

"बरं. तू गप्प बस," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

शेवटचा पाय खाली ठेवला. साय चारी पायांवर सपाट उभी राहिली, जरा वेळ विश्वासच नसल्यासारखी. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि डोकं हिच्या खांद्यावर टाकलं. ती रडली. त्याने तिचे डोळे पुसले, खुराच्या भुशाने माखलेल्या हातानेच. दोघांनी टाकी घासली, पाणी भरलं, सायचं अंग पुसून काढलं. कापलेल्या खुरांचे तुकडे त्याने जाताना गल्लीतल्या कुत्र्यांना टाकले, नालबंद टाकतात तसे. कुत्र्यांची चंगळ झाली.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. मालकही आला होता. स्वच्छ घोडी, स्वच्छ टाकी आणि नुकतेच तासलेले खूर बघून तो क्षणभर चक्रावला. पण बेरकी माणूस, लगेच सावरला.

"बघा ना मॅडम, परवाच खूर करून घेतले. वय झालंय हो तिचं, खाल्लेलं अंगी लागत नाही."

"खोटं आहे," नालबंद कुंपणापलीकडून म्हणाला. "ते मी कापले. काल."

"माझ्या जागेत? कुणी बोलावलं तुला?"

बाई नालबंदाला आणि तिला बाजूला घेऊन गेल्या. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "नुसत्या बारीक घोडीला मी उचलून नेऊ शकत नाही. म्हातारपण आहे, आजार आहे, तो काहीही सांगेल. वर्षभर दुर्लक्ष केलं हे एकच गोष्ट छातीठोक सांगत होती, ते खूर. ते तसे असते तर आज मी तिला गाडीत चढवलं असतं. कापलेले तुकडे आहेत?"

त्याने गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाहिलं.

"बरं, फोटो?"

तिने फोन पुढे केला. बाई बोटाने सरकवत गेल्या. साय डावीकडून, साय उजवीकडून, सायच्या पापण्या, सायच्या डोळ्यात पडलेलं आभाळ. एकाही फोटोत मानेखालचं काही नव्हतं.

"छान आलेत," बाई म्हणाल्या. "पण आधी पाय काढायचे असतात, बरगड्या, टाकी, गव्हाण. लांबून, चारी बाजूंनी. आणि आम्ही येईपर्यंत कशाला हात लावायचा नसतो." मालकाला त्यांनी चारापाण्याची नोटीस दिली, महिन्याभराने परत तपासू म्हणाल्या.

मालकाने दुसऱ्याच दिवशी कुंपणावर पत्रे ठोकले आणि सायला आतल्या बंद खोलीत घातलं. आता काही दिसत नव्हतं. फक्त मधूनच लाकडावर खूर आपटल्याचा आवाज यायचा. ती रोज खात्याला फोन करायची. तो कचेरीत जाऊन बसायचा. बाईही धावपळ करत होत्या, पण बंद खोली उघडायला वरून परवानगी लागत होती. हळूहळू आवाज कमी झाला. दुपारी दोघं पत्र्याला कान लावून उभी राहायची. पुढे पुढे तर काहीच ऐकू येईना.

परवानगी आली, दार उघडलं, तेव्हा साय आडवी पडली होती. गव्हाण कोरडी होती. उठवायचा प्रयत्न झाला, दोनदा. खात्याच्या डॉक्टरांनी मान हलवली. "महिन्यापूर्वी मिळाली असती तर हिंडली-फिरली असती," ते म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, ते आपले सहज बोलले. मग त्यांनी सुई भरली. तिने सायचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नालबंद पायांशी बसला होता, सगळा वेळ खुरावर हात ठेवून. मालकावर गुन्हा दाखल झाला, त्याचा आता सायला काही उपयोग नव्हता.

आठवडाभर तो आला नाही. आला तेव्हा चष्मा धड होता. मावशी उठून आत गेली, या वेळी गुडघ्यांचं नाव न घेता.

दोघं मागच्या अंगणात उभी राहिली.

"एक खोटं बोलशील माझ्यासाठी?" ती म्हणाली. "ती तशीही गेली असती, असं म्हण. एकदाच."

तो पत्र्याकडे वळला.

"नसती गेली."

ती वळली. त्याने वाट अडवली नाही, फक्त बोलत राहिला. "खोटं बोललो तर तुला घटकाभर बरं वाटेल. मग तू एकटी बसशील हे घेऊन. मी बसतोय ना, मला माहीत आहे. मला त्या दुपारची आठवण येते आणि आनंद होतो... आणि मग स्वतःची किळस येते. फोटो तुझे, खूर माझे. यातलं निम्मं माझं आहे, ते मला दे. माझा जीव आहे तुझ्यावर. दुसरं काही द्यायला नाही माझ्याकडे."

"असं कुणी मागणी घालतं का?" ती रडत म्हणाली.

"नाही घालत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाबरोबर राहायचं म्हणजे ती दुपार रोज घरात राहणार, उशाशी, पानाशी. आणि त्याच्याशिवाय राहायचं म्हणजेही ती राहणारच, फक्त ती कुणाला सांगता येणार नाही. त्या दुपारइतकं सुख पुन्हा कधी वाट्याला येणार नाही हे तिला पक्कं कळलं होतं.

"दे हात," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला.